हवा विकत घेताना

मराठीत 'हवा' हा शब्द बहुधा फुकट मिळणाऱ्या, आणि म्हणूनच फारसा भरवसा ठेवू नये अशा, गोष्टींना लावला जातो. माणसे हवा खायला जातात, कुणाच्या डोक्यात हवा शिरते, निवडणुकीच्या आधी कुणाची तरी हवा असते आणि निकालानंतर ती नसते. पंक्चरवाल्याच्या टपरीवरची हवा तेवढी पैसे मोजून घ्यावी लागते. पण तिथेही 'हवेचे कसले पैसे?' असे मनात आल्यावाचून राहत नाही. अशा भाषेत वाढलेल्या माणसापुढे, इंजिनाला अधिक हवा मिळावी म्हणून, कुणी ३२,००० रुपयांची एक नळी आणून ठेवली तर त्याला प्रथम शंका येणार. आम्हांसही आली. मात्र शंका म्हणजे निर्णय नव्हे, आणि यावेळी निर्णय देणे आम्हांस भाग होते.

ज्यांनी मोटारीचे बॉनेट कधी उघडले नसेल (साहित्याच्या अध्यापकांत अशांची संख्या मोठी आहे) त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पेट्रोलचे इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच अधिक पिते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर; म्हणजे लिटरमागे सुमारे ११ किलो हवा. उन्हाळ्यात पुण्याच्या उंचीवर एवढी हवा दहा हजार लिटर जागा व्यापते. सोसायटीत उन्हाळ्यात पाण्याचा जो मोठा टँकर येतो, तो भरून हवा एका लिटरमागे! ही हवा पुढच्या जाळीपाशी एका तोंडातून आत येते, प्लॅस्टिकच्या पेटीतल्या घड्यांच्या कागदी फिल्टरमधून गाळली जाते आणि रबरी नळीतून इंजिनात शिरते. कारखान्याने दिलेली ही पेटी-नळी काढून तिच्या जागी रुंद, गुळगुळीत नळी आणि तेल चोपडलेल्या सुती जाळीचा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवायचा, याला 'इंटेक' म्हणतात. सुती जाळीचे असे फिल्टर बनवणारी के अँड एन ही कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी १९६९ सालची. मोटारसायकलींच्या शर्यतीच्या जगातून ही वस्तू आली आणि पुढे अमेरिकेतल्या हौशी मोटारवाल्यांनी ती घराघरांत नेली. आपल्याकडे ती आली ती आधी मोटारसायकलवाल्या मुलांबरोबर आणि मग चारचाकीत.

ही वस्तू आम्ही स्वतः शोधायला गेलो नव्हतो. आमची बहीण पाचगणीला राहते. तिच्याकडे महिन्यातून एकदा तरी जाणे होते, आणि वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो. गाडी चौदा वर्षांची, १२०० सीसीची. दिवाळीच्या सुमारास घाटात एका ट्रकच्या मागे आम्ही बराच वेळ अडकलो होतो. एका ठिकाणी रस्ता मोकळा दिसला, गाडी उजवीकडे काढली, पाय दाबला. गाडीने हवा तसा जोर धरला नाही, म्हणून पुन्हा डावीकडे येऊन ट्रकमागे राहिलो. समोरून जीप आली ती त्यानंतर चारपाच सेकंदांनी. आम्ही तो प्रसंग विसरून गेलो होतो. मागच्या सीटवर आईशेजारी बसलेला भाचा विसरला नव्हता. जानेवारीत त्याला पहिली नोकरी लागली, आणि दुसरा पगार हातात आल्यावर त्याने आम्हांला सांगितले, "मामा, तुझ्या गाडीला घाटात दम लागतो. तिला मी इंटेक बसवून देणार आहे. तू नाही म्हणायचं नाहीस."

आता या वाक्याचे काय करायचे? वस्तू टाकाऊ आहे असे म्हणावे, तर मुलाने दिलेली पहिली भेट परतवल्यासारखे होते. घ्यावी, तर त्याचे महिन्याचे निम्मे वेतन एका नळीत जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे, गाडी आता ओव्हरटेकला अधिक सुरक्षित झाली असे तो समजून चालतो. हा समज खरा असेल तर भेट अमूल्य. खोटा असेल तर घातक. तेव्हा खरे काय ते पाहणे हाच त्याच्या मायेला न्याय, असे आम्ही ठरवले. तसे त्याला बोलूनही दाखवले. तो जरा हिरमुसला, पण इंजिनिअर असल्यामुळे मोजमापाला नाही म्हणणे त्याला शोभले नसते.

आरंभ आम्ही आमच्या सवयीच्या वाटेने केला, म्हणजे वाचनाने. विक्रेत्याने दिलेल्या पत्रकात '९ अश्वशक्तीपर्यंत वाढ' असे ठळक छापले होते. अशा मजकुरात सगळे वजन एका शब्दयोगी अव्ययावर असते. 'पर्यंत' या शब्दाला खालची मर्यादा नाही. शून्य हेही नऊपर्यंतच येते. पत्रक खोटे बोलत नाही, ते फक्त वाचकाच्या आशेला आपले काम करू देते. पुढे 'श्वास मोकळा', 'गर्जना', 'सुप्त शक्ती' अशी विशेषणांची आणि रूपकांची रांग होती. आमच्या मीमांसकांनी अशा वाक्यांसाठी फार पूर्वीच एक कप्पा करून ठेवला आहे. अमुक करावे असे सांगते ते वाक्य विधी; आणि ते करावेसे वाटावे म्हणून जी स्तुती जोडली जाते तो अर्थवाद. अर्थवादाचे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तैत्तिरीय संहितेतले आहे, आणि योगायोग असा की ते वायूचेच आहे: ऐश्वर्याची इच्छा करणाऱ्याने वायूला आहुती द्यावी, कारण सर्व देवांत वायू अतिशय वेगवान आहे. मीमांसक म्हणतात, वायूच्या वेगाबद्दलची ही माहिती म्हणून वाचू नका. आहुती द्यायला प्रवृत्त करणारी प्रशंसा म्हणून वाचा. पत्रकात विधी एकच होता: ३२,००० रुपये द्यावेत. बाकी सगळा अर्थवाद.

परंतु मीमांसकांच्या पद्धतीने पत्रकाचा निकाल लागतो, वस्तूचा लागत नाही. अर्थवाद असला म्हणून वायू मंद ठरत नाही.

तेव्हा गणिताकडे वळलो. इंटेकच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. नव्या नळीतून हवा कमी अडथळ्याने येते, ती थंड येते, आणि गाडीच्या वेगामुळे ती आपोआप दाबाने आत ढकलली जाते. शेवटची गोष्ट सर्वांत सोपी म्हणून आधी पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या नाकावर हवेचा जो जास्तीचा दाब येतो, तो वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. घाटात ताशी ३० च्या वेगाला तो दहा हजारांत चार भाग उरतो. विमानाला हे लागू पडत असेल, पसरणीला नाही.

थंड हवेचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत प्राणवायू कमी. ३५ अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली तर ती सुमारे साडेसात टक्के विरळ होते, हे काही थोडे नव्हे. परंतु कारखान्याने दिलेली नळी बहुतेक गाड्यांत आधीच पुढच्या जाळीमागून, बाहेरचीच हवा ओढत असते. उलट आम्हांला दाखवलेल्या इंटेकचा शंकू बॉनेटच्या आतच, रेडिएटरच्या आणि इंजिनाच्या मध्ये उघडा बसत होता. वाईच्या बाजारात दहा मिनिटे खोळंबून मग घाट चढायला लागलेली गाडी त्या शंकूतून काय ओढणार, हे सांगायला प्रयोगशाळा नको. ज्यांचा शंकू बंपरच्या आत खाली जातो ते इंटेक खरोखर थंड हवा देतात. मात्र ते पाणीही देऊ शकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा साध्या, उंचावर तोंड असलेल्या गाड्यांचीही इंजिने पाणी पिऊन निकामी झाली होती. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर आला आणि वर पाणी असले की वाकते ती पिस्टनला जोडलेली दांडी. बंपरच्या पातळीवरून श्वास घेणारी गाडी आपल्या पावसाळ्यात बाळगणे हा धीराचा प्रकार आहे.

उरला अडथळा. इथेच खरी मेख होती. कागदी फिल्टर हवा अडवतो हे खोटे नाही. अडवण्यासाठीच तो आहे. प्रश्न आहे तो किती अडवतो, हा. या बाबतीत अ‍ॅव्हरेजचा मुद्दा आधी निकालात काढता येतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली चाचण्या घेतल्या. इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर मुद्दाम तुंबवला तरी अ‍ॅव्हरेजमध्ये नोंद घ्यावी असा फरक पडला नाही. पिकअप मात्र घटला. कारणही समजण्यासारखे आहे. पेट्रोलच्या गाडीत आपण पायाने पेट्रोल कमीजास्त करतो असे वाटते, पण खरे तर आपण हवेची वाट उघडतो-मिटतो. नळीच्या शेवटी एक झडप असते, आणि संथ चालवताना ती बरीचशी मिटलेली असते. ज्या घराचे दारच लोटून घेतले आहे त्याच्या अंगणाचे फाटक रुंद करून पाहुणे वाढत नाहीत. पाय पूर्ण दाबला, दार सताड उघडले, तरच फाटकाचा प्रश्न येतो. ओव्हरटेक करताना नेमके हेच होते. त्यामुळे भाच्याचा प्रश्न अजून उभाच होता.

आमच्या भागात एक मिस्त्री आहेत, वय साठीच्या पुढे, कार्ब्युरेटरच्या काळापासून गाड्या करणारे. त्यांना विचारले तर म्हणाले, "सर, मी काय सांगू? बसवणारा म्हणतो पळते, न बसवणारा म्हणतो काही नाही. तुम्ही मोजून बघा ना." कशाने मोजायचे? तर गवंडी भिंतीची पातळी बघायला जी पाण्याची पारदर्शक नळी वापरतो, तिने. या एका सूचनेसाठी त्यांचे आम्ही कायमचे ऋणी आहोत.

युक्ती अशी. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधायची, तिच्यात अर्धे पाणी भरायचे. एक टोक मोकळे. दुसरे टोक फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडच्या बाजूला जोडायचे. इंजिन हवा ओढू लागले आणि फिल्टर ती अडवू लागला की तिथला दाब पडतो, आणि नळीतले पाणी त्या बाजूला चढते. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जितके अंतर, तितका अडथळा. वातावरणाचा सगळा दाब पाण्याच्या सुमारे दहा मीटर उंच स्तंभाइतका असतो. म्हणजे पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर हा एकूण दाबाचा साधारण हजारावा भाग. दहा सेंटिमीटर चढले तर इंजिनाला एक टक्का हवा कमी मिळते आहे. त्या टक्क्याएवढीच शक्ती, फार तर, परत मिळवता येईल. जगातला कोणताही इंटेक शून्याखाली अडथळा नेऊ शकत नाही, तेव्हा जे मोजले जाईल तीच त्याच्या कर्तृत्वाची कमाल मर्यादा. इथे 'पर्यंत' हा शब्द पहिल्यांदा प्रामाणिकपणे वापरता आला.

मिस्त्रींनी रबरी नळीत बारीक भोक पाडून तोटी बसवली (नंतर ते नीट बुजवूनही दिले). पाणी दिसावे म्हणून आम्ही त्यात निळ्या शाईचे चार थेंब घातले. भाच्याने फळी मांडीवर घेतली, आणि नळीचे दोन्ही दांडे गाडीच्या आडव्या दिशेत येतील अशी धरली. उभ्या दिशेत धरली तर वेग वाढतानाच पाणी मागे कलून आकडा खोटा येईल, हे त्याच्याच ध्यानात आले. एका रविवारी पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून सहा हजार फेऱ्यांपर्यंत गाडी नेली. पाणी २६ सेंटिमीटर चढले. बॉनेट उघडून पाहिले तर फिल्टर मुरुमाच्या धुळीने तांबूस झालेला. सर्व्हिसिंगला अजून दोन महिने होते, पण पाचगणीच्या वाटेवर त्या हिवाळ्यात रस्त्याचे काम चालू होते. नवा कागदी फिल्टर घातला. १९ सेंटिमीटर.

याचा अर्थ, अख्खी पेटी, नळी, फिल्टर काढून फेकून दिले आणि इंजिनाने थेट आभाळातून श्वास घेतला, तरी वाढ दोन टक्क्यांच्या आत. गाडीची शक्ती ८० च्या घरातली. म्हणजे नऊ नव्हे, दीड अश्वशक्ती. आणि तीही सहा हजार फेऱ्यांना. घाटात आमची गाडी तीन हजारांच्या आसपास फिरते. तिथे मोजले तेव्हा पाणी सहा सेंटिमीटरही धड चढेना. हजारात सहा!

भाचा फळीकडे बराच वेळ पाहत होता. मग त्याने त्याच्या वहीत गणित केले ते असे: गाडी आणि चालक मिळून सुमारे ९७० किलो, शक्ती दोन टक्के वाढवणे आणि वजन दोन टक्के घटवणे पिकअपच्या दृष्टीने सारखेच, दोन टक्के म्हणजे वीस किलो. त्याने डिकी उघडली. तिथे एका बंद पडलेल्या मासिकाचे बांधीव अंक आम्ही गेले वर्षभर एका ग्रंथालयाला द्यायचे म्हणून फिरवत होतो. त्यांचे वजन त्याने घरी स्नानगृहातल्या काट्यावर केले. २३ किलो भरले. वाङ्मयाचे ओझे इतक्या नेमकेपणाने कुणी आमच्यापुढे याआधी मांडले नव्हते.

घाटातल्या त्या बारा सेकंदांचा हिशेबही त्याने मांडला. सगळे सर्वोत्तम धरले तरी ते पावणेबारा झाले असते. जीप चारपाच सेकंदांवर होती. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर. तिथली हवा पुण्याच्या मानाने सहासात टक्के विरळ. डोंगर जेवढे काढून घेतो तेवढे कुठलीही नळी परत देत नाही. हे सगळे तोच बोलत होता, आम्ही गप्प होतो.

इथे हा लेख संपायला हरकत नव्हती, पण विषयाचा सर्वांत रसाळ भाग पुढेच आहे. दोन दिवसांनी भाचा म्हणाला, "मामा, मान्य आहे. पण एकदा ऐकून तर बघ." त्याच्या मित्राच्या गाडीला हाच इंटेक होता. आम्ही ऐकला. पाय हलका असताना काहीच नाही. दाबला की बॉनेटखालून एक खोल, घोगरा, छाती भरून घेतल्यासारखा आवाज येतो, फेऱ्या वाढतील तसा तो चढतो, आणि पाय उचलताच हुश्श करून थांबतो. आम्हांला तो आवडला. लपवण्याचे कारण नाही. त्या क्षणी गाडी अधिक जोरात पळते आहे अशी आमची अंगभूत खात्री झाली, १९ सेंटिमीटर डोळ्यांनी पाहिलेले असूनही.

हा आवाज येतो कुठून? तो नवा निर्माण होत नाही. इंजिन तो नेहमीच करत असते. कारखान्याची पेटी तो गिळत असते. त्या नळीच्या बाजूला बहुधा एक आंधळी कुपी जोडलेली असते, जिला कुठूनच वाट नाही. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक सूर निघतो, त्याच न्यायाने ही कुपी एका ठरावीक सुराला जुळवलेली असते आणि तो सूर नळीतल्या नळीत मारते. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) या जर्मन शास्त्रज्ञाने अशा कुपींचा उपयोग उलट कामासाठी केला होता: संगीतातल्या एका स्वरातले घटक-स्वर वेगळे काढून ऐकण्यासाठी. स्वरसंवेदनेवरचा त्याचा ग्रंथ १८६३ सालचा. ज्या साधनाने तो ऐकायला शिकला त्याच साधनाने मोटारींचे कारखाने आपल्याला ऐकू येऊ देत नाहीत, आणि इंटेकवाला ती कुपी काढून टाकण्याचे पैसे घेतो. दुसऱ्या टोकाला, २०११ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एम-फाईव्ह गाडीत इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरांमधून वाजवण्याची सोय होती, कारण मूळ गाडी फार शांत झाली होती. म्हणजे आवाज हा स्वतंत्र माल आहे हे कारखान्यांनाही ठाऊक आहे.

काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे नवव्या शतकातल्या काश्मीरचा आनंदवर्धन आठवला नाही तरच नवल. शब्दांतून सरळ सांगितलेला तो वाच्यार्थ, आणि त्यातून उमटणारा तो ध्वनी. काव्याचा आत्मा दुसऱ्यात. इंटेकचा वाच्यार्थ अश्वशक्ती, आणि ध्वनी, या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी, तो आवाज, आणि त्या आवाजातून सुचणारे तारुण्य, बेफिकिरी, मोकळा रस्ता. येथवर उपमा छान जुळते. पण एक फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. काव्यात वाच्यार्थ आपले काम करून नम्रपणे मागे सरतो. दिवा जसा वस्तू दाखवून स्वतः बाजूला राहतो तसा. इंटेकच्या पत्रकात मात्र ग्राहक पैसे मोजतो ते वाच्यार्थाचे, आणि घरी नेतो तो ध्वनी. 'सुरेख आवाज, किंमत ३२,०००' असे पत्रक कुणी छापले तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. तंबोऱ्याला याहून जास्त पैसे पडतात आणि त्यानेही कुणी जलद गात नाही.

"मग आवाजासाठी घेऊ या का?" भाच्याने विचारले. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याला प्रामाणिक उत्तर देणे सर्वांत कठीण गेले. आवाजासाठी घ्यायचे तर आवाजाचा तोटाही हिशेबात धरायला हवा: जो आवाज ऐकून, आकडे ठाऊक असूनही, आमचीच खात्री पटली, तो घाटात ट्रकमागे असताना काय सल्ला देईल? पाणी १९ सेंटिमीटरवर असते, पण कान नऊ अश्वशक्ती ऐकतो. चाळीस किलोमीटर सरळ, रिकामा रस्ता असता तर आम्ही कदाचित वेगळे म्हटले असते. पसरणीत ही फसवणूक परवडणारी नाही.

शिवाय दोन गोष्टी होत्या, ज्यांच्यावर फार बोलण्याची गरज नाही. एक धूळ. फिल्टरची परीक्षा आयएसओ ५०११ या मानकाने होते, आणि त्यात अडथळा, गाळणी आणि धूळ साठवण्याची क्षमता अशा तिन्ही बाजू मोजल्या जातात. एक वाढवली की दुसरी सहसा घटते. गारगोटीचा बारीक कण लोखंडापेक्षा कठीण असतो. ज्या गाडीला अजून पाचसहा वर्षे चालायचे आहे, तिच्या सिलिंडरशी दीड अश्वशक्तीसाठी हा सौदा का करावा? दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा रोख असा की, निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद केली. पेटीत जागच्या जागी बसणारा फिल्टर बदलणे ही देखभाल, आणि पेटीच काढून टाकणे हा बदल, असे आमचे वाचन आहे. कायद्याचे पुस्तक अर्थवाद करत नाही, हा त्याचा गुण की दोष ते निराळ्या लेखाचा विषय.

जाता जाता एवढे नमूद करावेसे वाटते की, इंटेक नेहमीच निरर्थक असतो असे आमचे म्हणणे नाही. ज्या इंजिनाला टर्बो आहे, किंवा ज्याची आतली रचना बदलून ते मुळापेक्षा पुष्कळ अधिक हवा ओढू लागले आहे, त्याला कारखान्याची नळी खरोखर अपुरी पडू शकते. शर्यतीत पाव सेकंदाला किंमत असते. पुण्यात गाड्यांच्या अधिकृत चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ सालची. तिच्या टेकडीखालून रोज जाणाऱ्या आमच्यासारख्यांना मोजमापाची भीती वाटण्याचे कारण नव्हते, आणि ज्याला मोजता येते त्याने आपल्या गाडीपुरते मोजावे. नळी मीटरवर विकत मिळते. शाईला तर पैसे पडतच नाहीत.

नव्या कागदी फिल्टरचे ३८० रुपये झाले होते. ते भाच्याने दिले आणि आम्ही घेतले. त्यावर वाद घातला नाही. मासिकाचे अंक त्याच आठवड्यात ग्रंथालयात गेले. टायर झिजले आहेत हे मिस्त्रींनी तोटी बुजवताना दाखवले होते, तेव्हा पुढच्या दोन टायरांचे पैसे त्याने देऊ केले, मागच्या दोहोंचे आम्ही दिले. आता तो स्वतःसाठी मोटारसायकल पाहतो आहे, आणि परवा फोनवर सायलेन्सरविषयी विचारत होता.